टायरातली पट्टी

टायर-ट्यूबचं नाव जरी कोणी काढलं तरी आता माझं डोकं उठतं. गावात माझी पिठाची गिरणी आहे, मी दळणारा माणूस. पण गेल्या दीड वर्षात मोटरसायकलचं मागचं चाक मी जितक्यांदा खोललं, तितक्यांदा गिरणीचे दगडही खोलले नाहीत. बोटांच्या पेरांतलं काळं काही केल्या जात नाही. बाया डबा पुढे करायच्या आधी माझे हात पाहतात. थकलो बाप्पा, खरंच थकलो. कोणाला सांगायला जावं तर म्हणतात, भावाची सेवा करून राह्यला, पुण्य लागन. पुण्याचं मला माहीत नाही, पाठ मात्र धरली आहे.

भाऊ म्हणजे आमचे दादा. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे. त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. वहिनी त्याच्या आधीच गेल्या, पोरगा पुण्याला कंपनीत, त्याला दर आठवड्याला दोनदा सुट्टी कोण देणार? तेव्हा दादांना वाशीमला डायलिसिसला न्यायचं काम माझ्याकडे आलं. सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी साडेसातची पाळी. गावापासून वाशीम चौतीस किलोमीटर. आमच्या गावातून पहिली एसटी निघते तीच आठ वाजता, आणि तीही तिच्या मर्जीवर. राहिली माझी शंभर सीसीची गाडी.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी मला समोर बसवून सांगितलं होतं. यांना लघवी होत नाही, म्हणजे पोटात गेलेलं सारं पाणी अंगातच राहतं. ते मशीनने काढावंच लागतं. त्यात गुरुवारनंतर सोमवारपर्यंत मधले तीन दिवस कोरडे जातात, म्हणून सोमवारची पाळी काही झालं तरी चुकवायची नाही. चुकली तर पाणी छातीत चढतं आणि माणूस जागच्या जागी गुदमरतो. मी मान हलवली. घरी येताना मला एवढंच कळलं होतं की दादांचा जीव आता माझ्या गाडीच्या चाकांवर आहे.

आणि आमचा रस्ता म्हणजे काय सांगू! पहिले बारा किलोमीटर वावरांच्या मधून. दोन्हीकडे कास्तकार बाभळीच्या फांद्या तोडून कुपाटी करतात, म्हणजे वावराला काट्यांचं कुंपण. त्या फांद्या बैलगाडीवरून, ट्रॅक्टरवरून ओढत नेतात आणि अर्धे काटे रस्त्यावर सांडत जातात. बाभळीचा वाळलेला काटा टायराला विचारत नाही, तू नवा का जुना. त्याच्यापुढे फाटा, फाट्यापासून वाशीमपर्यंत मोठा रस्ता. तिथे काटे नाहीत, पण खड्डे बुजवायला टाकलेली गिट्टी आहे. देवा रे देवा. पहिल्या तीन महिन्यांत आम्ही पाच वेळा पंक्चर झालो. नशीब की पाचही वेळा परतीच्या वाटेवर, मशीन होऊन गेल्यावर.

दादांना मात्र या पंक्चरांनी हुशारी आली. खोटं कशाला बोलू, ते आजारी पडल्यापासून इतकं खूश मी त्यांना पाहिलं नव्हतं. तीस वर्षं त्यांनी कारंजा ते कामरगाव काळीपिवळी जीप चालवली. आत बारा, टपावर चार, मागे लटकलेले वेगळे. "एक बी सवारी मी रस्त्यावर उतरवली नाही पंचरपायी," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. त्यांची युक्ती अशी, की जुनी ट्यूब फेकायची नाही. तिचा व्हॉल, म्हणजे हवा भरायची नळी, कापून टाकायचा, तिला उभी चिरून तिची लांब पट्टी करायची, आणि ती टायराच्या आतून सगळीकडून अंथरायची. तिच्यावर चांगली ट्यूब. मग काटा टायरातून आत आला तरी पट्टीत अडकतो, ट्यूबपर्यंत पोहोचत नाही.

"जीपले चालली तं फटफटीले कायले नाही चालनार?" दादा म्हणाले.

मी म्हटलं, चालंल. मला काय कळतं त्यातलं? आणि कळत असतं तरी दादांसमोर बोलायची आमच्या घरात पद्धत नाही. बाप लवकर गेला, मला शाळेत घातलं दादांनी, गिरणी टाकून दिली दादांनी. छप्पन वर्षांचा झालो तरी त्यांच्यापुढे मी खाटेवर बसत नाही.

त्यांचा डावा हात आता कामाचा नव्हता. त्या हातात डायलिसिससाठी नस जोडलेली, त्यावर जोर द्यायचा नाही. म्हणून रविवारी दुपारी दादा ओसरीत खुर्चीवर आणि मी खाली चाक घेऊन. टामीने, म्हणजे लोखंडी सळईने, टायर उचलायचं, पट्टी अंथरायची, वरून टाल्कम पावडर भुरभुरायची.

"सुरकुती पडली तिथं. काढ."

"काढली दादा."

"कुठी काढली? मले दिसून राह्यली न इथून. बह्याडच आहेस."

माझी बायको आतून हसायची. मला राग यायचा, पण त्या एका तासात दादांचा आवाज पहिल्यासारखा व्हायचा, खणखणीत. बाकी आठवडाभर ते पाणी मोजून पीत, मीठ नसलेली भाजी पुढ्यात ओढत आणि भिंतीकडे पाहत. जीप विकली, पान सुटलं, चहा अर्ध्या कपावर आला. हुकूम सोडायला त्यांच्याकडे एक ते चाकच उरलं होतं.

आणि त्यांना काही येत नव्हतं असंही नाही बरं का. मागचं टायर गुळगुळीत झालं तेव्हा मशीन झाल्यावर आम्ही वाशीमच्या बाजारात एका टायरवाल्या शेठकडे गेलो. दादांना चक्कर येत होती, तरी दुकानाच्या पायरीवर बसले आणि एकेक टायर हातात मागून घेतलं. काठावर चार आकडे ठसवलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ते मला वाचायला लावले. "शेट, हे तुमच्या माळ्यावर दोन वर्सं झोपलं. पोराईच्या गाडीले द्या, आमाले ताजं दाखवा." शेठ हसला आणि आतून दुसरं आणलं. त्याच्यावर मोठमोठ्या गोट्यांची नक्षी होती. दादा म्हणाले, "नाही पायजे. दोन गोट्याईच्या मंधात गिट्टी फसते अन् हळूहळू आत शिरते. मंधातून सलग रबर असंन तं बोला." तसंही निघालं. अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं, नरम आहे का घट्ट आहे. मग ट्यूब डब्यातून काढायला लावली, घड्या उलगडून पाहिल्या, घडीवर चीर गेली आहे का. मी बिनट्यूबच्या टायराचं विचारलं तर माझ्यावरच डाफरले, "स्पोकच्या रिमले ते जमते का? हवा स्पोकाईतून निघून जाईन. त्याले बिनस्पोकचं मॅगव्हील लागते." शेठ मला म्हणाला, तुमच्या भावाला दुकानावर बसवा. मला छाती फुगल्यासारखं झालं.

घरी आलो, नवं टायर, नवी ट्यूब, आणि आत दादांची पट्टी. नऊ दिवसांत मागचं चाक पंक्चर, गाडी बसली.

मग जे सुरू झालं ते थांबेना. पंधरा दिवसांनी एक, मग आठ दिवसांनी. मी कुपाटीवाल्यांच्या सात पिढ्या काढल्या. पारावर एकाशी हमरीतुमरीवर आलो, तुह्या फांद्यांनी माह्या भावाचा जीव जाईन म्हणून. तो बिचारा दुसऱ्या दिवशी खराटा घेऊन रस्ता झाडत होता. पोळ्याच्या आठवड्यात परत येताना फाट्याजवळ पुन्हा बसली.

फाट्यावर टिनाच्या शेडमध्ये एक बाई पंक्चर काढते. नवरा ट्रकवर असतो, दुकान हीच चालवते. साडीवरून नवऱ्याचा जुना शर्ट घालते आणि एका पायाने चाक दाबून एका हाताने टायर असं सोलते की पाहत राहावं. दादा शेजारच्या चहाच्या टपरीवर बाकड्यावर टेकले होते. तिने ट्यूब काढली, हवा भरून पाण्यात बुडवली, बुडबुडे पाहिले. मग टायर आतून हाताने चाचपलं, सबंध गोल. काटा नव्हता. काही नव्हतं. तिने पट्टी बाहेर ओढली आणि ट्यूब माझ्यासमोर धरली.

"हे पाहा भाऊ. कडेकडेनं कशी चमकून राह्यली ते. अन् हे काळं पीठ कशाचं निंगालं? तुमची पट्टीच खाते ट्यूबले. तिची कड घासते, अन् जिथं दोन टोकं एकमेकावर आले तिथं तं पार भोक पाडलं."

"जीपमंधी चालते म्हणते न हे," मी म्हणालो.

"जीपचं टायर केवढं, तिची ट्यूब केवढी जाड. तिथं जागा असते. ह्याच्यात पट्टी टाकली का ट्यूबले फुगाले जागा नाही राहात. मंग चालताना घासते, गरम होते. काटा नाही तुमचा दुश्मन. फेका हे."

"हळू बोला बाई," मी म्हणालो, आणि टपरीकडे पाहिलं. दादा बशीत फुंकर मारत होते.

आता मला कोणी विचारलं, की तेव्हाच का नाही फेकली, तर काय सांगू? मी तिला म्हणालो, सध्या आहे तशीच टाका. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मलाच माझी लाज वाटली. "गाडी तुमची हाय," म्हणाली आणि पट्टी परत आत सारली.

त्या रविवारी मी दादांना आडून आडून विचारून पाहिलं. म्हटलं, दादा, ती फाट्यावरची बाई म्हणत होती का पट्टीची कड घासते. पुढचं मला बोलताच आलं नाही. दादा म्हणाले, "आता बाया मले टायर शिकवनार." बस्स, एवढंच. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, ताटही अर्धं ठेवलं. माझी बायको मला म्हणाली, "कायले त्याईच्या जिवाले लावता? त्याईच्यापाशी राह्यलं काय दुसरं?" आणि मला ते पटलं. पट्टी राहू दिली. त्याऐवजी मी काय केलं, तर डिक्कीत जास्तीची ट्यूब ठेवली, पायाचा पंप घेतला, दोन टाम्या घेतल्या, आणि सहाच्या जागी साडेपाचला निघायला लागलो. स्वतःला फार शहाणा समजत होतो मी. दसऱ्यापर्यंत आणखी दोनदा गाडी बसली. दोन्हीदा परतीला. नशिबावर किती दिवस ढकलायचं, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही असं नाही. आला, आणि मी झोपी गेलो.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी जाताना बसली.

फाटा चार किलोमीटर राहिला होता. सहाचा सुमार. गाडीचा मागचा भाग डुलायला लागला आणि मला कळलं. दादांना उतरवलं, तुरीच्या बांधावर बसवलं. सणाचे दिवस, शनिवार-रविवारी घरात पाहुणे, दादांनी पाणी जरा जास्त घेतलं होतं. चेहरा सुजलेला, पायांवर बोट दाबलं की खळी पडत होती. मी चाक खोललं. पट्टी हातात आली. इथे मी ती तुरीत भिरकावून द्यायला हवी होती. कोणीही शहाण्या माणसाने तेच केलं असतं. पण दादा बांधावरून पाहत होते. धाप लागलेली, तरी म्हणाले, "पट्टी नीट बसव. घाई नोको करू."

मी पट्टी नीट बसवली. तिच्यावर नवी ट्यूब. जागा पुरेना, टायर रिमवर चढेना, मी टामीवर जोर दिला. टामी आणि रिमच्या मध्ये ट्यूब चिमटली, हे मला नंतर कळलं. हवा भरली तेव्हा तरी टिकली. फाटा ओलांडून एक किलोमीटर गेलो आणि गाडी पुन्हा बसली. ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं. फाट्यावर बाईचं दुकान अजून उघडलं नव्हतं.

एका बंद ढाब्यासमोर गाडी लावली आणि हात दाखवत उभा राहिलो. जीपा भरलेल्या, एसटी थांबली नाही, मोटरसायकलवाले आपापल्या मागे कोणीतरी घेऊन. शेवटी वांगे-कोथिंबीर भरलेला एक टेम्पो थांबला. दादांना पुढे बसवलं, मी मागे कोथिंबिरीवर. वाशीमला पोहोचलो तेव्हा पावणेनऊ झाले होते. दादांच्या खाटेवर दुसरी बाई होती, तिच्या हातात सुया गेलेल्या, मशीन फिरत होतं. आता तिला उठवणार कसं? सिस्टर म्हणाली, काका, दुपारच्या पाळीत घेते, बसा. तिचं काहीच चुकलं नव्हतं.

दहा वाजेपर्यंत दादा बाकावर बसले. मग त्यांना टेकून बसवेना. पुढे वाकले, दोन्ही हात गुडघ्यांवर. मग बोलणं तुटायला लागलं. एक शब्द, मग दम, मग एक शब्द. छातीतून उकळत्या पाण्यासारखा आवाज येत होता. ओठ निळे पडले. त्यांनी माझी बाही धरली आणि म्हणाले, "बुडून... राह्यलो... रे." मी ओरडलो. इतका की सारा व्हरांडा गोळा झाला. सिस्टर धावत आली, डॉक्टर आले, तोंडावर मास्क लावला, आणि अशा वेळेसाठी राखून ठेवलेल्या मशीनवर त्यांना घेतलं. मी दाराबाहेर भिंतीला टेकून उभा होतो. माझ्या हातांना रबराचा वास येत होता. मला ठाऊक होतं की हे काट्याने केलं नाही. मला दीड महिन्यापासून ठाऊक होतं.

बाराला डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, वाचले, आज इथेच ठेवतो. दुपारी मी गाडी आणायला गेलो. ढाब्यापासून फाट्यापर्यंत ढकलत नेली. बाईने टायर सोललं, पट्टी बघितली, माझं तोंड बघितलं. मी सगळं सांगितलं. तिने मला बोल लावला नाही. पट्टी मागे भंगाराच्या ढिगावर फेकली, आणि मला समोर बसवून चाक कसं बसवायचं ते दाखवलं. स्पोकांच्या डोक्यांवर रबराची पट्टी असते, रिमवर, ती सरकली आहे का आधी बघायची. "ही पट्टी लागतेच, ती लागत नाही," म्हणाली. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून मग आत बसवायची, म्हणजे घडी पडत नाही आणि टामीखाली येत नाही. टायरची शेवटची कड व्हॉलपाशी चढवायची, आणि चढवायच्या आधी व्हॉल आत दाबून पाहायचा. व्हॉलची चकती रिमवर आवळायची नाही, टायर जरा सरकलं की व्हॉल तुटतो. आणि हवा कमी ठेवून चालवायचं नाही. "अर्ध्या लोकायचे पंचर कमी हवेनं होते भाऊ, अन् शिव्या काट्यायले देतात." मी सगळं तिच्यासमोर दोनदा करून पाहिलं.

घरी दादांना काही सांगितलं नाही. आता तरी सांगायचं ना? नाही सांगितलं. इतकं मोठं दुखणं होऊन गेलं, आता त्यांच्या कानावर हे कशाला, असं मी स्वतःला समजावलं. रविवारची बैठक मी बंद केली, चाक चांगलं आहे तर खोलायचं कशाला म्हणून. सात आठवडे एकदाही गाडी बसली नाही. एकदा टायरातून बाभळीचा काटा मी चिमट्याने काढला, ट्यूबपर्यंत पोहोचलाच नव्हता. टायर दादांनी निवडलेलं होतं, ते खरंच चांगलं होतं.

मग मार्गशीर्षातला तो गुरुवार. आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावकडचा एक माणूस त्याच्या आईला घेऊन मोटरसायकलवरच यायचा. त्याचीही गाडी दर आठवड्याला बसायची. त्याने दादांना विचारलं, तुमची कशी बसत नाही? दादा खाटेवर, हातात सुया, चेहऱ्यावर हसू. म्हणाले, "आमच्या टायरात पट्टी हाय." आणि त्याला समजावायला लागले, ट्यूब कशी चिरायची, टोकं कशी एकावर एक घ्यायची, पावडर किती टाकायची. तो माणूस मोबाइलमध्ये लिहून घेत होता. त्याची म्हातारी पलीकडच्या खाटेवर डोळे मिटून पडली होती. वाळलेले हात, पण पाय त्या दिवशीच्या दादांच्या पायांसारखे सुजलेले.

मी त्या माणसाला बाहेर घेऊन गेलो आणि म्हटलं, ते सारं खोडून टाका, ती पट्टी लावू नका, आईची शपथ. तो गोंधळला. मी परत आत गेलो नाही. बाहेरच्या बाकावर दादांची वाट पाहत बसलो. इतका थकलो होतो की रागही नीट येईना.

मशीन झाल्यावर दादा हळूहळू बाहेर आले, माझ्याजवळ बसले. चक्कर जाईपर्यंत अर्धा तास आम्ही तिथे बसतोच. मी खाली बघत म्हणालो, "दादा, गाडीत पट्टी नाही."

त्यांनी सुईच्या जागेवरचा कापूस दाबून धरला.

"दसऱ्यानंतरच काढून टाकली. तिच्यानंच पंचर होत होते. त्या बाईनं दाखवलं मले."

मला वाटलं, आता उठतील, ऑटोवाल्याला हाक मारतील, माझ्या गाडीवर बसणार नाहीत. दादा समोरच्या स्टँडवर लावलेल्या गाड्या बघत होते.

"बाईनं तुले कवा दाखवलं?" त्यांनी विचारलं.

मला याच प्रश्नाची भीती होती आणि मला ते तोवर कळलंही नव्हतं.

"पोळ्याच्या टायमाले."

दादांनी बोटांवर हिशेब केला नाही. गरज नव्हती. "म्हंजे त्या सोमवारी तुले मालूम होतं."

"हो."

"बांधावर बसलो होतो मी, तवा बी मालूम होतं."

"हो दादा."

"अन् तू पट्टी टाकली."

मी म्हणालो, तुमाले वाईट वाटन म्हणून. तुमी दोन दिवस बोलले नव्हते म्हणून. दादांनी माझ्याकडे वळून पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"अरे, मी चार दिवस बोललो नसतो. आठ दिवस नसतो बोललो. तुह्या घरचं जेवलो नसतो. मंग कवातरी बोललोच असतो न? मेलो असतो तं काय बोलनार होतो?" त्यांचा आवाज फुटला. "मले माह्या पट्टीचा मान नव्हता पायजे रे. मले इथं पोचाचं होतं."

मी रडलो. छप्पन वर्षांचा माणूस, दवाखान्याच्या बाकावर, येणारे-जाणारे बघत असताना. दादांनी मला उगी केलं नाही. चांगलं केलं.

जरा वेळाने ते म्हणाले, "आनखी काय लपवलं माह्यापासून?"

काही नाही, असं मी म्हणू शकलो असतो. आदल्या गुरुवारी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं होतं. दादांचं हृदय त्या सोमवारपासून कमजोर झालं आहे, आता दोनदा पुरणार नाही, आठवड्यातून तीनदा आणावं लागेल, आणि तरीही किती दिवस ते सांगता येत नाही. मी ते आठ दिवस पोटात ठेवलं होतं. दिवाळीला दिलं तसलं नवं धोतर त्यांना आणखी एक आणून ठेवलं होतं, पण हे सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. काहीही न गाळता, डॉक्टर जसे बोलले तसं. किती दिवस तेही.

दादांनी सगळं ऐकलं. मग शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं.

"तीनदा म्हंजे टायर लौकर झिजन," ते म्हणाले. "या टायमाले पुढचं बी पाहून घेऊ. चाल, उचल मले."